मुलगा धर्मसंघात जायचे म्हणतो: वसईतील आई-वडिलांच्या प्रश्नाला उत्तर

वसईतील एका दांपत्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा एकुलता एक मुलगा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि निकाल लागल्यावर जूनमध्ये एका धर्मसंघात दाखल व्हायचे त्याने मनाशी ठरवले आहे. आई-वडील श्रद्धाळू आहेत, त्याला अडवण्याची त्यांची इच्छा नाही; तो कशापासून पळत तर नाही ना, एवढी शंका मात्र त्यांना आहे. शिवाय आत गेल्यावर नेमके काय होते, किती वर्षे लागतात, मध्येच परत यावेसे वाटले तर काय, आपल्या म्हातारपणी कोण पाहणार आणि घर-वाडीचे पुढे काय, हे त्यांना कोणी नीट सांगितलेले नाही. मी स्वतः एका धर्मसंघाचा सभासद आहे आणि नोव्हिस मास्टर, म्हणजे नव्याने आलेल्या उमेदवारांचा (नोव्हिसांचा) मार्गदर्शक, म्हणून बरीच वर्षे तरुणांच्या घडणीचे काम केले आहे. त्या अनुभवातून, आणि चर्चच्या कायद्यात जे स्पष्ट लिहिलेले आहे त्याच्या आधारे, हे उत्तर देतो.

सेमिनरीत, म्हणजे धर्मप्रांताचे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत जाणे आणि धर्मसंघात जाणे या दोन वाटा वेगळ्या आहेत आणि घरोघरी त्यांची सरमिसळ होते, म्हणून आधी तेवढे स्पष्ट करतो. वसई धर्मप्रांतासाठी किंवा मुंबई महाधर्मप्रांतासाठी धर्मगुरू होणारा तरुण आपल्या बिशपांच्या हाताखाली, बहुधा आपल्याच मुलखात सेवा करतो. तो ब्रह्मचर्याचे आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचे वचन देतो, पण दारिद्र्याचे व्रत घेत नाही, त्यामुळे त्याच्या नावावर बँकेत खाते, प्रसंगी जमीनही असू शकते. धर्मसंघात जाणारा तरुण, मग तो येशूसंघात (जेझुइटांकडे) जावो, सलेशियनांकडे जावो किंवा कपुचिन होवो, दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते घेतो, इतर सभासदांबरोबर एका घरात राहतो आणि संघ पाठवील तिथे जातो. आज तलासरीला असेल, उद्या झारखंडला असेल, परवा आफ्रिकेत असेल. शिवाय संघातला प्रत्येक जण फादर होतोच असे नाही; आयुष्यभर ब्रदर म्हणून राहणारेही असतात आणि त्यांचे पाचारण, म्हणजे देवाचे बोलावणे, तितकेच पूर्ण असते. तुमचा मुलगा यांपैकी कोणत्या वाटेने निघाला आहे, हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येते का, ते आधी पाहा.

आता टप्पे. जून महिन्यात तो ज्या घरात जाईल ते बहुधा नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीच्या कसोटीच्या काळाचे घर, नसेल. पहिले एक वर्ष, कुठे दोन वर्षे, पूर्वतयारीची असतात. या काळात त्याच्यावर कोणतेही बंधन नसते. संघ त्याला पाहतो आणि तो संघाला पाहतो. त्यानंतर नोव्हिशिएट. चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेनुसार सतरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज नोव्हिशिएटमध्ये घेतलेला प्रवेश वैधच ठरत नाही, ठरलेल्या घरात किमान बारा महिने काढावे लागतात आणि हा काळ एरवी दोन वर्षांपेक्षा लांबवता येत नाही. या बारा महिन्यांत तीन महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिले तर नोव्हिशिएट रद्द ठरते. बहुतेक संघांत यानंतर तात्पुरती व्रते असतात, किमान तीन वर्षे आणि सर्वसाधारणपणे सहा वर्षांपर्यंत; काही कारणाने मुदत वाढवलीच तर सगळा काळ मिळून नऊ वर्षांच्या पुढे जाता येत नाही. त्यानंतरच आजन्म व्रते, आणि तीही वयाची एकवीस वर्षे पूर्ण झाल्यावर. येशूसंघाची पद्धत वेगळी आहे: तिथे नोव्हिशिएट दोन वर्षांचे असते आणि त्याच्या शेवटी घेतलेली पहिली व्रतेच आजन्म असतात, म्हणून त्या दोन वर्षांत कसोटी अधिक कडक असते. फादर व्हायचे असेल तर यात तत्त्वज्ञानाची दोन-तीन वर्षे, मधली एक-दोन वर्षे एखाद्या शाळेत किंवा मिशन केंद्रावर प्रत्यक्ष काम आणि ईशज्ञानाची चार वर्षे येतात. पुण्याचे ज्ञान-दीप किंवा तत्त्वज्ञानासाठी नाशिकचे सलेशियनांचे दिव्यदान अशा संस्थांत हे शिक्षण होते. पदवीधर मुलाचा गुरुदीक्षेपर्यंतचा, म्हणजे फादर होण्यापर्यंतचा प्रवास दहा ते तेरा वर्षांचा होतो, म्हणजे मुलगा तिशी ओलांडेपर्यंत घडतच असतो. ही वर्षे ऐकून अनेक आई-वडिलांचा जीव दडपतो. मला मात्र ही लांबी दिलासा देणारी वाटते, कारण एवढ्या वर्षांत घाईने घेतलेला निर्णय टिकत नाही आणि खरा निर्णय पक्का होतो.

या सगळ्या रचनेच्या मुळाशी एकच काळजी आहे: तरुणाने दिलेला होकार त्याचा स्वतःचा असावा. ही काळजी आजची नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठासाठी जे नियम घालून दिले त्यांत नवागताला सहजासहजी आत घेऊ नका असे सांगितले आहे. व्रते झाल्यावर त्याच्या अंगावरचे घरचे कपडे उतरवून ते कपाटात जपून ठेवा, म्हणजे पुढे कधी तो निघालाच तर ते त्याला परत घालता येतील, हेही तिथेच लिहिले आहे. ट्रेंटच्या धर्मसभेने 1563 मध्ये किमान एक वर्षाची कसोटी सर्वत्र सक्तीची केली आणि एखाद्या मुलीला किंवा स्त्रीला बळजबरीने मठात घालणाऱ्यांना बहिष्कृत ठरवले. आजच्या संहितेत तर बळजबरीने, मोठ्या भीतीपोटी किंवा फसवून घेतलेला प्रवेश आणि तशीच घेतलेली व्रते मुळातच अवैध मानली आहेत. नोव्हिस असताना मुलगा कोणत्याही दिवशी, कोणाची परवानगी न मागता घरी येऊ शकतो. संघही त्याला परत पाठवू शकतो. शंका राहिली तर नोव्हिशिएटचा ठरलेला काळ वाढवता येतो, पण जास्तीत जास्त सहा महिने.

आता मी तुम्हां उभयतांना कळकळीने एक विनंती करतो. मुलगा निघाला की आपल्या गावांत आनंदाला उधाण येते आणि तो आनंद खरा असतो, पण त्याचे ओझे मुलाच्या खांद्यावर पडते. आळीच्या तोंडाशी अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो, मांडव पडतो, आजी शेजारणीला सांगते की आता आपल्या घरात फादर होणार, आणि पहिल्या सुट्टीत घरी आलेल्या वीस-एकवीस वर्षांच्या पोराला लहान मुले ‘फादर’ म्हणून हाक मारू लागतात. माझ्याकडे नोव्हिशिएटमध्ये असे तरुण आले आहेत, ज्यांना आपले पाचारण हे नाही याची सहा-आठ महिन्यांत स्पष्ट जाणीव झाली होती, पण ‘घरी काय तोंड दाखवू’ या एका वाक्यापाशी ते अडकून पडले होते. त्यांच्याशी बोलताना लक्षात येई की त्यांना संघाची भीती नाही, देवाची तर मुळीच नाही; भीती आहे ती त्या फ्लेक्सची. आजचा कायदा ज्याला बळजबरी म्हणेल तशी ती नसते, पण माणसाचा आवाज बंद करायला ती पुरते. म्हणून जाताना घरातल्या घरात प्रार्थना करा, त्याच्या आवडीचे जेवण करा, मामा-मावशीला बोलवा आणि तिथेच थांबा. गावाचा सोहळा गुरुदीक्षेच्या किंवा आजन्म व्रतांच्या दिवसासाठी राखून ठेवा. आणि जाण्याआधी त्याला एकदा तोंडाने सांगा की परत आलास तरी या घरात तुझी जागा तशीच आहे. मुले हे गृहीत धरतात असे आपल्याला वाटते, पण ऐकायला मिळाल्याखेरीज त्यांना ते खरे वाटत नाही.

तुमचा मुलगा कशापासून पळत तर नाही ना, ही शंका तुम्ही लिहिली आहे. ही शंका घेणे हे श्रद्धा कमी असल्याचे लक्षण नाही. आम्हीही तीच घेतो. प्रेमभंग, घरातला मृत्यू, परीक्षेतले अपयश किंवा नोकरीची धास्ती यांच्या पाठोपाठ आलेल्या अर्जाला मी नेहमी एक वर्ष थांबायला सांगत आलो आहे. त्या वर्षात त्याने नोकरी करावी, पगार हातात घ्यावा, धर्मग्रामातल्या युवक मंडळात भांडावे आणि समेट करावा. पाचारण खरे असेल तर वर्षाने ते विरत नाही. अर्जासोबत आम्ही उमेदवाराकडून हाताने लिहिलेले एक पत्र मागतो. पुष्कळ पत्रांत देवाने मला बोलावले आहे, मला लोकांची सेवा करायची आहे, एवढेच असते. त्यात खोटे काही नसते, पण त्यातून माणूस दिसत नाही. एका मुलाने लिहिले होते की मला माझ्या चुलतभावाच्या मुलीला खेळवायला आवडते, मला स्वतःची मुले हवी होती, आणि ती होणार नाहीत हे लिहिताना मला वाईट वाटते आहे. ते पत्र वाचून मी त्याच्याबद्दल निश्चिंत झालो, कारण आपण काय सोडतो आहोत हे त्याने डोळे उघडे ठेवून पाहिले होते. तुमच्या मुलाला मित्र आहेत का, तो चिडल्यावर पुन्हा बोलायला येतो का, मोठ्यांना नम्रपणे ‘नाही’ म्हणू शकतो का, एकटा असताना मोबाइलशिवाय तासभर बसू शकतो का, हे तुम्ही आमच्यापेक्षा जास्त चांगले सांगू शकता. प्रार्थनेची आवड मी यानंतर पाहतो. ती नसली तर पाचारणाचा प्रश्नच उरत नाही, पण नुसत्या तिच्यावर समुदायात आयुष्य निघत नाही.

आजकाल बहुतेक संघ वैद्यकीय तपासणीबरोबर मानसशास्त्रज्ञाकडून मूल्यमापनही करून घेतात. याने काही आई-वडील दुखावतात, ‘आमच्या मुलात काही खोट आहे का’ असे विचारतात. तसे काही नसते. चर्चचा कायदा उमेदवाराचे आरोग्य, स्वभाव आणि परिपक्वता पाहायला सांगतो आणि गरज पडल्यास तज्ज्ञांची मदत घेण्याची मुभा देतो, पण त्याच वाक्यात त्याच्या अब्रूचे आणि खासगीपणाचे रक्षणही बंधनकारक करतो. त्याच्या संमतीशिवाय ही चाचणी होऊ नये. आणि तिचा अहवाल तुम्हांलाही मागता येणार नाही, हे आधीच समजून घ्या.

आत दिवस कसा जातो, याबद्दल बाहेर फार गूढ कल्पना असतात. प्रत्यक्षात पहाटे उठणे, तासभर मूक मनन, मिस्सा, नाश्ता, मग संघाची घटना, बायबल आणि प्रार्थनेची परंपरा यांचे वर्ग, दुपारी बागेत किंवा संडास-न्हाणीघरात झाडलोट, संध्याकाळी खेळ, रात्री शांतता, असा तो असतो. मोबाइल बहुतेक ठिकाणी जमा असतो आणि ठरलेल्या दिवशी घरी बोलायला मिळतो. नोव्हिशिएटमध्ये पदवीचा अभ्यास किंवा थेट घडणीशी संबंध नसलेली कामे देऊ नयेत असे संहितेतच आहे, म्हणून ‘सोबत एम.एस्सी. का करू देत नाही’ असे विचारू नका. येशूसंघात या काळात तीस दिवसांची मौन साधना असते, रुग्णालयात काही आठवडे सेवा असते आणि जवळजवळ रिकाम्या खिशाने पायी तीर्थयात्रा असते. या कसोट्या येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती यांनी सोळाव्या शतकात ठरवल्या आणि त्या आजही चालू आहेत. माझ्या मते मुलगा सर्वांत जास्त शिकतो तो आजारी, वृद्ध फादरांच्या खोलीत. तिथे लोकरीचे मोजे चढवायचे, नखे कापायची, तीच ती गोष्ट पाचव्यांदा ऐकायची आणि अंथरूण ओले झाले तर नाक न मुरडता बदलायचे. संघातल्या आयुष्याचा शेवट कसा असतो हे तिथे सुरुवातीलाच दिसते. काही मुले त्या खोलीतून बाहेर येऊन मला म्हणाली आहेत की आता मला राहायचे आहे. काहींनी म्हटले आहे की हे माझ्याने होणार नाही, आणि मी दोघांचेही मनापासून ऐकले आहे.

इथे एक गोष्ट तुमच्या कानावर असावी. नोव्हिस मास्टरच्या हातात मोठी सत्ता असते आणि चर्चने तिला जाणीवपूर्वक वेसण घातली आहे. मुलाने स्वतःहून मागणी केल्याखेरीज मास्टर त्याचा पापनिवेदनाचा संस्कार ऐकू शकत नाही, कारण जो त्याच्या राहण्या-जाण्याबद्दल मत देणार, त्यानेच त्याची पापे ऐकलेली असणे योग्य नाही. वरिष्ठांना कोणाच्याही सद्सद्विवेकातल्या गोष्टी उघड करायला भाग पाडण्याची मनाई आहे. मुलगा विश्वासाने बोलतो तेव्हा मोकळेपणाने बोलतो. बोलावे लागते म्हणून बोलू लागला तर तिथे काहीतरी बिघडले आहे. सुट्टीत घरी आला की त्याला तुझे कबुलीचे फादर कोण, ते नोव्हिशिएटच्या घराबाहेरचे आहेत का, एवढे सहज विचारा.

परत येण्याबद्दल आता सविस्तर सांगतो. नोव्हिशिएटमधून येणे वर सांगितलेच. तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली की तो मोकळा असतो. मुदत चालू असताना निघायचे असेल तर संघाच्या सर्वोच्च प्रमुखांची परवानगी लागते. आजन्म व्रतांनंतर मात्र गंभीर कारणाशिवाय निघू नये असे कायदा सांगतो आणि परमधर्मपीठाच्या, म्हणजे थेट पोपच्या, मान्यतेच्या संघात ही परवानगी रोमहून येते. निघालेल्याला संघात केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही, पण संघाने त्याच्याशी न्यायाने आणि प्रेमाने वागावे अशी स्पष्ट अट आहे, म्हणजे त्याला उभे राहायला हातभार लावावा. रीतसर निघालेला माणूस पुढे पुन्हा आला तर प्रमुख त्याला नोव्हिशिएट पुन्हा करायला न लावता घेऊ शकतात, अशीही तरतूद आहे.

वसईकरांना हे समजावताना मला नेहमी संत गोन्सालो गार्सिया आठवतात, ज्यांच्या नावाने वसईत कॉलेज आहे. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला हा तरुण जपानमध्ये येशूसंघीयांसोबत धर्मशिक्षक म्हणून राबला, संघात घ्यावे म्हणून त्याने विनंती केली, पण त्याला प्रवेश मिळाला नाही. तो व्यापारात गेला, मग मनिलाला फ्रान्सिस्कनांकडे ब्रदर झाला, पुन्हा जपानला गेला आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मरण पत्करले. 1862 मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. ते फादर नव्हते, आणि ज्या दारावर त्यांनी आधी टकटक केली ते उघडले नव्हते. ज्या घरी एखादा मुलगा परत येतो, त्या घरात ही हकिकत सांगायला हवी असे मला फार वाटते.

तुमच्या म्हातारपणाचा प्रश्न रास्त आहे, तो विचारायला संकोचू नका. 1917 च्या जुन्या संहितेत ज्यांच्या आई-वडिलांना त्यांच्या मदतीची निकड आहे अशा मुलांना घेऊ नये असे लिहिलेले होते. आजच्या संहितेत ते कलम तसे नाही, पण शहाणे वरिष्ठ तो विचार करतातच. एकुलता एक असणे हा अडसर नाही. तुमचा उदरनिर्वाह त्याच्यावरच अवलंबून असेल तर मात्र ते आजच संघाला लेखी कळवा. आई-वडील अंथरुणाला खिळले तर प्रांताधिकारी, म्हणजे संघाच्या त्या प्रांताचे प्रमुख, त्याला योग्य कारणासाठी वर्षापर्यंत बाहेर राहण्याची मुभा देऊ शकतात. त्याने शैक्षणिक कर्ज घेतले असेल तर ते फिटल्याशिवाय किंवा त्याची खात्रीची सोय झाल्याशिवाय त्याला घेऊ नये, कारण फेडता न येणारे कर्ज असलेल्याला प्रवेश देण्यास आजही मनाई आहे.

घर-वाडीबद्दल. पहिल्या व्रतांआधी त्याला आपल्या मालमत्तेचा कारभार दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवावा लागतो आणि आजन्म व्रतांआधी नागरी कायद्यात टिकेल असे मृत्युपत्र करावे लागते. काही संघांत मालकी पूर्ण सोडावी लागते, काहींत नुसता कारभार. ते त्या संघाच्या घटनेवर अवलंबून असते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांचा वारसा 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमानुसार ठरतो, आणि तुम्ही स्वतः मृत्युपत्र करून ठेवलेत तर पुढचे पुष्कळ कटु प्रसंग टळतात. वसईत जमिनीचे भाव काय आहेत हे तुम्हांला मी सांगायला नको. जमीन संघाला द्या असे प्रवेशाच्या वेळी कोणी सुचवले, तर तिथून उठून या.

जूनच्या आधी तुम्ही तिघे त्या घरी जा, आणि शक्य तर सणाच्या दिवशी न जाता आठवड्याच्या साध्या दिवशी जा. जेवण घ्या, स्वयंपाकघर पाहा, तिथली मुले एकमेकांशी कशी बोलतात ते ऐका. प्रभारी फादरांना विचारा की मुलाला काही त्रास झाला, कोणी त्याच्याशी गैरवर्तन केले, तर त्याने घराबाहेरच्या कोणाकडे जायचे आणि त्यांचा फोन नंबर भिंतीवर लावलेला आहे का. लहान मुलांच्या सुरक्षिततेचे संघाचे नियम लेखी आहेत का आणि बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याची माहिती उमेदवारांना दिली जाते का, तेही विचारा. शेवटी विचारा की गेल्या काही वर्षांत निघून गेलेली मुले आज कुठे आहेत. जे फादर त्या मुलांची नावे जिव्हाळ्याने घेतील, कोण शिक्षक झाला, कोणाचे लग्न त्यांनीच लावले ते सांगतील, त्यांच्या हाती मुलगा निर्धास्त सोपवा. ज्यांना हा प्रश्न आवडणार नाही, त्यांच्याकडे यंदा पाठवू नका. त्याला पदवी हातात घेऊ द्या, वर्षभर नोकरी करू द्या, आणि दुसऱ्या संघांची घरेही पाहू द्या.